टक्का आणि रक्कम

रक्ततपासणीच्या अहवालातील ‘इओसिनोफिल’ हा शब्द बहुधा न वाचताच ओलांडला जातो. पांढऱ्या पेशींचा हा एक प्रकार. निरोगी माणसात साधारण १ ते ६ टक्के. कृमींशी लढणे हे त्यांचे एक प्रमुख काम.

हत्तीरोगाच्या कृमींचा प्रसार डासांमार्फत होतो. विदर्भाला हा रोग जुना परिचित. या कृमींची सूक्ष्म पिल्ले फुप्फुसांत अडकली, की काहींच्या शरीरात या पेशी तेथे अवाजवी संख्येने जमतात आणि शत्रूबरोबर फुप्फुसालाही इजा करतात. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी या विकाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटले. रात्रीचा कोरडा खोकला, धाप, छातीत घरघर. साहजिकच दमा समजून वर्षानुवर्षे त्याचेच उपचार चालतात.

व्यापारी नुसत्या टक्क्यावर हिशेब मिटवत नाही. येथेही रक्कम पाहावी. एका घन मिलिमीटर रक्तातील १२,००० पांढऱ्या पेशींचे ४० टक्के म्हणजे ४,८००. या विकारात हा आकडा सहसा ३,००० च्या वर असतो.

निदान झाल्यास डायइथिलकार्बामाझिन हे औषध, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण तीन आठवडे घ्यावे लागते. बहुतेकांना लवकर उतार पडतो. उपचार लांबले, तर मात्र कडक झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही.