एका विशेषणाची कैफियत

लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात टेबलावर ठेवायचा हेडफोन ॲम्प्लिफायर पाहण्यासाठी मी गेलो असता, माझा हेडफोन कोणता, मी ऐकतो काय आणि ऐकतो कशावरून, यांपैकी एकही प्रश्न न विचारता विक्रेत्याने माझ्यापुढे एक जड धातूची पेटी ठेवली आणि तिच्या दर्शनी भागावरील चार छिद्रांच्या गोल सॉकेटवर बोट टेकवून, ‘साहेब, हा बॅलन्स्ड आहे,’ एवढेच सांगितले. त्या एका विशेषणापोटी तिची किंमत शेजारच्या साध्या पेटीच्या जवळजवळ दुप्पट होती. विशेषणाला एवढा मोबदला मोजायचा तर निदान त्याची कैफियत तरी ऐकून घ्यावी, या बुद्धीने मी त्या दिवशी रिकाम्या हाती परतलो. आणि तेव्हापासून जे वाचले, जोडून पाहिले व ऐकले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की हा गुण खरा असला तरी तो जिथे विकला जातो तिथे सामान्य श्रोत्याला त्याची गरज क्वचितच असते, आणि जिथे ती गरज खरोखर उद्भवते ती जागा दुकानात सहसा कोणी दाखवीत नाही.

या गुणाचे कूळ टेलिफोनचे आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन तारांच्या जोडीचे पेटंट घेतले. अशा जोडीतील एका तारेतून संदेश सुलटा आणि दुसरीतून तोच उलटा पाठवला, तर वाटेत विजेच्या तारांचा जो उपद्रव होतो तो दोहींवर सारखाच होतो, आणि पलीकडचे यंत्र दोहोंमधील फरक तेवढा घेत असल्यामुळे संदेश शाबूत राहून उपद्रव वजा होतो. दोन भावांच्या उंचीतील अंतर मोजताना दोघेही एकाच ओट्यावर उभे असले, तर ओट्याची उंची हिशेबात येतच नाही, तसाच हा प्रकार. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आणि सभागृहांत मायक्रोफोनच्या लांबच लांब केबली तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीने लावतात, त्या याच कारणाने.

हेडफोनच्या बाबतीत मात्र तोच शब्द निराळ्या अर्थाने रुजू झालेला आहे. साध्या जोडणीत तीन तारा पुरतात. डाव्या व उजव्या कानाची एकेक, आणि परतीची सामाईक. ‘बॅलन्स्ड’ जोडणीत चार तारा असतात, आणि प्रत्येक कानामागे दोन प्रवर्धक उलटसुलट बाजूंनी काम करतात. येथे बाहेरचा उपद्रव वजा होण्याचा प्रश्नच नसतो, कारण हेडफोनच्या वेटोळ्याला मुळात दोन टोकांमधील फरकच तेवढा कळतो. सामाईक तार गेल्याने दोन कानांतील संकेतांची किंचित होणारी सरमिसळ टळते, हा लाभ लहान. विद्युत्‌दाब दुप्पट मिळतो, हा मोठा. ३०० ओहमच्या हेडफोनवर २ व्होल्ट दिले तर सुमारे १३ मिलिवॉट शक्ती मिळते, ४ व्होल्ट दिले तर सुमारे ५३. म्हणजे शक्ती चौपट, आणि डेसिबलच्या भाषेत वाढ ६. मात्र या व्यवहाराच्या खर्चाच्या बाजूला ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्सही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला होणारा त्याचा अंतर्गत विरोधही, दुप्पट होतो, हे जाहिरातीत आढळत नाही.

तेव्हा निवड करताना आधी पाहावयाचा तो हेडफोन. सेनहायझरचा १९९७ साली आलेला एचडी ६०० हा ३०० ओहमचा असून त्याची केबल दोन्ही कानांतून स्वतंत्रपणे निघते, त्यामुळे केवळ केबल बदलून तो चार तारांवर नेता येतो. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ३२, २५० व ६०० ओहम अशा तीन रूपांत मिळत आलेला आहे. पण त्याची केबल एका कानातून निघणारी व कायमची जोडलेली, म्हणून उघडून डाख दिल्यावाचून तो चार तारांचा होत नाही. यांतील ६०० ओहमच्या रूपाला दाब हवा, तर ३२ ओहमच्या रूपाला प्रवाह. आणि प्रवाहाची चणचण चार पिनांनी दूर होत नाही. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा जुना आडाखा पाळला की बहुतेक प्रश्न मिटतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ श्रोत्यासाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढीच असल्याने, बऱ्याचशा श्रोत्यांच्या घरी शक्तीचा तुटवडा नसतोच.

उणीव असते ती निराळीच. एके रात्री मल्लिकार्जुन मन्सूर यांचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकत असताना तंबोऱ्याखाली एक मंद घुमणे मला ऐकू येत होते, व ते मी खर्जाच्या तारेच्या खात्यावर जमा करून मोकळा झालो होतो. परंतु गाणे संपले, तंबोरा थांबला आणि घुमणे थांबले नाही. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि तिचाच तो स्वर होता. संगणक एका भिंतीवरच्या सॉकेटात, ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या; दोघांची अर्थिंग वेगळ्या वाटेने गेलेली, आणि मधल्या साध्या केबलीच्या बाहेरील आवरणातून त्या दोन वाटांमधला प्रवाह फिरत होता. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेताच तो नाहीसा झाला. एका स्नेह्याच्या घरी अशी सोय नव्हती. तेथे डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी पेटी, आणि ॲम्प्लिफायर यांच्या दरम्यान दोन्ही टोकांना तीन पिनांची केबल लावल्यावर घुमणे गेले. बेल यांच्या तारजोडीचे खरे काम ते हे, आणि त्याची जागा पेटीच्या मागच्या अंगाला.

जोडणीचे आणखी दोन इशारे देणे मला कर्तव्य वाटते. घुमणे घालवण्यासाठी प्लगाची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे इसम आपल्याकडे घरोघरी भेटतात. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे, तिला हात लावू नये. दुसरे, चार पिनांच्या किंवा ४.४ मिलिमीटरच्या ‘बॅलन्स्ड’ आउटपुटला अडॅप्टर लावून त्यात साडेसहा मिलिमीटरचा साधा जॅक कदापि घालू नये, कारण त्यामुळे दोन्ही कानांच्या उलट तारा एकत्र येऊन प्रवर्धक एकमेकांवर शॉर्ट होतात. उलट दिशेचा अडॅप्टर, म्हणजे चार तारांचा हेडफोन साध्या सॉकेटात नेणारा, निर्धोक असतो.

अखेर मी घेतली ती शेजारची साधी पेटीच. तिच्या पुढे लावायचा साडेसहा मिलिमीटरचा जॅकही टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीवरूनच आलेला आहे, तेव्हा कुळाच्या दृष्टीनेही काही उणे झाले असे मला वाटत नाही. आता गाणे संपले आणि तंबोरा थांबला की पुढचे दोन-चार क्षण काहीच ऐकू येत नाही.