हेडफोन रुसला? आधी त्याची गादी बघा!

मैत्रिणींनो, शिलाई मशीन अडलं तर तेल कुठे सोडायचं, कुकरची वाफ बाजूने निसटू लागली तर रिंग कशी तपासायची, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. संसार करता करता हात बसला. पण अलीकडे घरात एक नवा पाहुणा आला आहे आणि त्याच्यापुढे मात्र आपण चटकन हात टेकतो. बाहेरचा आवाज गिळणारा हेडफोन! मुलं त्याला ‘नॉइज कॅन्सलिंग’ म्हणतात. काही हजार रुपये मोजून तो आणायचा, दीड-दोन वर्षांत त्याने कुरकुर सुरू करायची आणि मुलांनी म्हणायचं, “आई, हा गेला. आता नवीनच घ्यावा लागेल.”

जरा थांबा. यातली निम्मीअधिक दुखणी यंत्राच्या पोटात नसतात, ती बाहेरच, गादीत आणि जाळीत असतात. ती बघायला ना स्क्रू-ड्रायव्हर लागतो ना इंजिनिअर.

आधी हे यंत्र करतं काय, ते समजून घेऊ या. झोपाळ्याला एका बाजूने धक्का दिला तर तो हलेल. पण त्याच क्षणी समोरून कुणी तेवढ्याच जोराचा उलटा धक्का दिला तर? झोपाळा जागच्या जागी राहील. आवाज म्हणजे हवेला बसणारे असेच धक्के. हेडफोनच्या वाटीवर बारीक छिद्रं असतात, त्यामागे छोटे माईक. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि आतलं यंत्र बरोबर उलटा आवाज तयार करून कानात सोडतं. धक्क्याला धक्का भिडतो आणि शांत वाटतं. ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. पण हेडफोनमध्ये ती चिकाटीने उतरवली ती अमर बोस यांनी. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने गाणं ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी तिथेच कागद-पेन्सिल घेऊन गणितं मांडायला सुरुवात केली. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडफोन बाजारात यायला १९८९ साल उजाडलं.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे यंत्र एकसुरी, जाड आवाजावर चालतं. एस.टी.ची घरघर, पंखा, कूलर, गिरणी. कुकरची शिट्टी, फोडणीची चुर्र, पोरांची भांडणं हे एकदम उठणारे, बारीक आवाज ते फारसे अडवू शकत नाही. साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगलीला एस.टी.ने जाताना इंजिनाचा आवाज विरतो, पण कंडक्टरची हाक ऐकू येतेच. तो बिघाड नव्हे, बरं का!

आता खऱ्या दुखण्यांकडे वळू या.

बाहेरचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो

सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीचं घर पिठाच्या गिरणीच्या वर आहे. भाची सी.ए.ची तयारी करते. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून तिने हेडफोन घेतला होता, कारण सकाळ-संध्याकाळ गिरणी सुरू झाली की जमीनसुद्धा थरथरते. दीड वर्षाने गिरणी पुन्हा कानात घुसू लागली. पोरीने काय करावं? तिने आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. रात्री झोपताना कानात ‘सूंऽऽ’ होतं, असं ती आईला सांगू लागली, तेव्हा बहिणीचा मला फोन आला. दुखणं हेडफोनचं होतं आणि किंमत मोजत होते कान!

मी तिला एकच परीक्षा करायला सांगितली, ती तुम्हीही करा. गाणं बंद ठेवून नॉइज कॅन्सलिंग सुरू करा. पंख्याजवळ बसा, पण वारा अंगावर घेऊ नका. आता दोन्ही वाट्या तळहातांनी कानावर हलकेच दाबा. घरघर एकदम कमी झाली, तर यंत्र ठणठणीत आहे, गादी गेली आहे. गादी म्हणजे कानाभोवती बसणारी मऊ उशी. तिला भेग पडली, आतला स्पंज बसला की फटीतून आवाज आत शिरतो. उलटा धक्का बिचारा किती पुरा पडणार?

भाचीच्या गाद्यांची वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटली होती. त्या मॉडेलच्या नव्या गाद्या मागवल्या. नव्या हेडफोनच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ. बसवणंही सोपं. बहुतेक गाद्या खाचेत अडकवलेल्या असतात, काही चिकटपट्टीने लावलेल्या असतात. जुनी गादी कडेने बोट घालून हळूहळू सोडवा. डावी-उजवी खूण बघून नवी बसवा आणि कुठे फट राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

इथे एक सावधगिरी. आपला हात शिवणाचा, म्हणून जुन्या साडीची सुंदर गवसणी शिवून गादीवर चढवावीशी वाटेल. तेवढं करू नका. सुती कापडातून हवा जाते आणि गादी असून नसल्यासारखी होते. कानातले झुमके, चष्म्याची जाड काडी, गादीखाली आलेले केस यांनीही फट पडते. तेल लावलेल्या केसांवर हेडफोन घालायची सवय असेल तर ती मोडा. तेल आणि घाम ही कातडी लवकर खातात. वापर झाला की कोरड्या मऊ फडक्याने गादी पुसावी. स्पिरिट लावू नये.

कानात फरफर होते, शिट्टी येते

वारा माईकवर आला की फरफर होते. टेबलफॅनची दिशा बदलून पाहा, कित्येकदा तेवढंच पुरतं. ती थांबली नाही तर छिद्रांची जाळी बघा. भाचीच्या जाळीत गिरणीचं पीठ बसलं होतं! अशा वेळी वाटी खाली तोंड करून धरावी आणि नव्या, कोरड्या, मऊ टूथब्रशने हलके झाडावी, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. सुई, टाचणी घालू नका. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. बारीक शिट्टी येत असेल तर पुन्हा गादीची फट तपासा.

कानात घालायच्या छोट्या बड्सची गोष्टही अशीच. त्यांच्या जाळीवर कानातला मळ बसतो. रबरी टोपी काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा. बड मात्र कोरडाच झाडायचा. टोपी कानाच्या मापाची नसेल तरी आवाज आत येतो. डबीत तीन मापं दिलेली असतात, ती लावून पाहा.

एकाच कानात ऐकू येतं

आधी फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल मधोमध आहे का, ते पाहा. मग ब्लूटूथमधून हेडफोनचं नाव काढून टाकून पुन्हा जोडा. वायर लावायची सोय असेल तर वायरने ऐका. वायरवर दोन्ही कान वाजले तर दोष जोडणीत आहे, आणि माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे बटण दाबून रीसेट केल्यावर तो बहुधा जातो. बड चार्जच होत नसेल तर बडवरचे आणि डबीतले धातूचे ठिपके कापसाने पुसा.

ओला झाला, चार्ज होत नाही

आमच्या साताऱ्यातला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहेच! कपड्यांना वास येतो, तिथे हेडफोनची काय कथा. भिजला तर लगेच बंद करा, पुसा आणि सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा. तोवर चार्जिंग नको. तांदळाच्या डब्यात पुरू नका, कोंडा आणि भुकटी छिद्रांत जाते. हेअर ड्रायर, गॅसची ऊबही नको. कोरडा असूनही चार्ज होत नसेल तर आधी दुसरी वायर लावून बघा. मग बंद हेडफोनच्या चार्जिंगच्या भोकातला कापूस-धूळ लाकडी काडीने अलगद काढा.

इथे हात थांबवा

वाटीची कड फुगून उघडली, चार्जिंगला चटका बसेल इतका तापला, गोडसर-उग्र वास आला, तर ती बॅटरी फुगल्याची खूण समजा. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. वॉरंटीची मुदत संपायची असेल तर काहीही उघडण्यापूर्वी बिल शोधा.

गाद्या बदलल्या, जाळी झाडली आणि भाचीचा आवाजाचा काटा निम्म्याखाली आला. कानातला ‘सूंऽऽ’ही काही दिवसांत थांबला. तो थांबला नसता तर तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार होतो. तुम्हीही त्यात दिरंगाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. म्हणून मुलाच्या हेडफोनमधलं गाणं शेजारी बसून तुम्हाला स्पष्ट ऐकू येत असेल, तर गादी तपासा आणि मुलाशी बोला. रस्त्यावर चालताना ही सोय बंद ठेवायला सांगा. आणि मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे या हेडफोनच्या भरवशावर कुणी उभं राहू नये.

शेवटी एक सांगते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक पायंडा पाडला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. त्याला ना बॅटरी लागली ना गादी! बहिणीनेही आता संध्याकाळची मालिका आवाज न करता, खालच्या अक्षरांवर बघायला सुरुवात केली आहे. गिरणी काही आपल्या हातात नाही. पण टीव्ही आहे ना?

पुढच्या आठवड्यात मिक्सरच्या जळक्या वासाबद्दल. तोवर ब्रश कोरडा ठेवा!