रिमची चमक आणि टायरचा आकडा

सदर : जमा-खर्च



दीक्षाभूमीला जाण्याची तयारी सुरू झाली की आमच्याकडे गाडीविषयीचे प्रश्न वाढतात. जुनी स्विफ्ट किंवा डिझायर घेतलेली असते. मुलगा म्हणतो, अलॉय व्हील टाकू. दुकानदार म्हणतो, रुंद टायर घ्या, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. मेकॅनिक म्हणतो, आहे तेच राहू द्या. आणि घरातली बाई विचारते, खर्च किती? या सगळ्यांचे उत्तर टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यात आहे. तो आकडा वाचायला कॉलेजची पदवी लागत नाही, सातवीचे गणित पुरते.

गाडीचे वेड म्हणून हा विषय कोणी हसण्यावारी नेऊ नये. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात गेले होते. चाळीसगावला त्यांना वस्तीत नेण्यासाठी आपल्या लोकांनी टांगा ठरवला, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. दोष त्या गरीब माणसाचा नव्हता. ज्या समाजाने त्याच्यावर ती वेळ आणली त्याचा होता. आज स्टिअरिंग आपल्या मुलांच्या हाती आहे, कित्येक घरांची चूल टॅक्सी आणि टेम्पोवर पेटते. तेव्हा चाकाची विद्या अर्धवट ठेवून भागणार नाही.

आता आकडा वाचू. स्विफ्टच्या साध्या मॉडेलवर १६५/८० आर १४ हा टायर येतो. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवा. पूर्ण चाकाचा व्यास झाला सुमारे ६२० मिलिमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा. रिम कितीही बदला, हा व्यास बदलता कामा नये. फरक दोन-तीन टक्क्यांच्या आतच राहिला पाहिजे.

१५ इंची अलॉय घालायचे असेल तर १८५/६५ आर १५ पाहा. भिंत १२०.२५, दोन भिंती २४०.५, रिम ३८१. बेरीज ६२१.५. म्हणजे फरक दोन मिलिमीटरचाही नाही. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलवर कंपनी हाच साइज देते, म्हणून तो निर्धास्त घ्यावा.

आता दुकानदाराच्या भरीस पडून २०५/६५ आर १५ घेतला तर? व्यास ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा ताशी साडेतीन किलोमीटरने जास्त धावत असेल. पूर्ण वळण घेताना किंवा मागे तिघे बसले की टायर मडगार्डला घासू शकतो. पिकअप मंदावतो. उलट देखणा दिसतो म्हणून चपटा १८५/५५ आर १५ घेतला, तर व्यास ५८४.५ होतो. गाडी जमिनीपासून पावणेदोन सेंटिमीटर खाली येते. आपल्या वस्त्यांतले स्पीडब्रेकर पाहता हा सौदा महागात पडतो. शिवाय भिंत आखूड, म्हणून खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. लोखंडी रिम वाकते, ठोकून सरळ करता येते. स्वस्त अलॉयला तडा जातो. वेल्डिंग केलेले जुने अलॉय तर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

साइजच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ हा वजनाचा निर्देशांक आहे, त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८२ म्हणजे ४७५. कंपनीने दिलेल्या निर्देशांकापेक्षा कमीचा टायर कधीही घेऊ नये. आपली गाडी रिकामी धावत नाही. पाच माणसे, डिकीत पिशव्या, कधी गावाहून आणलेले धान्याचे पोते, असा आपला प्रवास. अक्षर वेगाचे आहे. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. समृद्धी महामार्गावर कारला मर्यादाच १२० आहे. तेव्हा व्ही अक्षरासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

‘परफॉर्मन्स’ टायर म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. रबर मऊ, म्हणून पकड चांगली, पण झीज लवकर. फार टिकणाऱ्या टायरचे रबर बहुधा कडक असते आणि पावसात त्याची पकड कमी पडू शकते. टॅक्सी चालवणाऱ्याने टिकाऊपणा पाहावा, हे ठीक. पण पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली पाहिजे, ही पहिली अट. म्हणून मधला मार्ग : नावाजलेल्या कंपनीचा साधा टायर, योग्य साइजचा, ताजा, आयएसआय छाप असलेला. तारीख टायरवरच असते. चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की तालुक्याच्या नाक्यावरचे दुकान, हा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रिम घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. स्विफ्टला चार नट असतात आणि ते १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर येतात. मधले भोक ५४.१ मिलिमीटरचे असते. बाजारातल्या अलॉयचे भोक बहुधा मोठे असते. मधे योग्य मापाची रिंग घातली नाही तर गाडी वेगात थरथरते. ही रिंग किरकोळ किमतीची असते. तिसरी गोष्ट नटांची. अलॉयला त्याच्या बैठकीचेच नट लागतात. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. जुनी लोखंडी रिम स्टेपनी म्हणून ठेवलीत, तर तिचे मूळ नटही डिकीत ठेवा. नाहीतर रात्री रस्त्यात पंचाईत होते.

आता जमा-खर्च. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. समजा, करापूर्वी एका टायरची किंमत ४,००० रुपये आहे. चार टायरचे पूर्वी २०,४८० झाले असते, आता १८,८८० होतात. वाचले १,६००. त्यात बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचा खर्च बराचसा निघतो. म्हणून पक्के बिल मागा. बिल नसेल तर वॉरंटीही नाही आणि कराचा हिशेबही नाही.

खरा घोटाळा होतो तो असा : पैसा सगळा रिमवर जातो आणि त्यावर वापरलेले टायर चढतात. रिम चमकते, टायर मात्र दुसऱ्याच्या गाडीवर म्हातारा झालेला. कारच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की तो बाद. खाचेतली छोटी उंचवट्याची खूण पृष्ठभागाला टेकली की समजावे, मुदत संपली. रस्त्याला टायर टेकतो, रिम नव्हे. पैसा कमी असेल तर आधी टायर, रिम पुढच्या वर्षी. दोनच नवे टायर घेता येत असतील तर ते मागच्या चाकांना घालावेत. पुष्कळजण पुढे घालतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे फार कठीण.

कायद्याचेही ध्यान ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. कंपनीच्याच दुसऱ्या मॉडेलवर येणारा साइज घेतला तर पासिंगच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात वादाची जागा कमी राहते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. कंपनीने दिलेला साइज आणि हवेचा दाब बहुधा तिथेच लिहिलेला असतो.

मुलाची हौस मोडू नका. आपल्या घरासमोर गाडी उभी राहिली, ती चांगली दिसावी असे त्याला वाटते, यात वावगे काही नाही. फक्त दुकानात जाण्याआधी त्याला कागद-पेन्सिल द्या आणि व्यास काढायला सांगा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, हीच तर तथागतांची शिकवण. गाडीत आई-बाप, बायको आणि लेकरे बसणार आहेत. त्यांचा भार या चार टायरवर आहे.

पुढील अंकी : गाडीचा विमा घेताना कोणते कागद जपून ठेवावेत. जयभीम!