दुसऱ्या नगाची बेगमी

डोंबिवलीतल्या एखाद्या बऱ्यापैकी सुस्थित सदनिकेचे कपाट उघडले, तर त्यात हल्ली एक राखीव संसार मांडलेला आढळतो. पायाला बसलेल्या चपलेचा दुसरा जोड, अजून खोक्यातच. रोज लोकलमध्ये छातीशी धरायच्या पिशवीची हुबेहूब दुसरी पिशवी. हाताला सरावलेल्या पेनांचा डझन, त्याच मापाची दुसरी छत्री, त्याच कंपनीचा दुसरा मिक्सर. वस्तू मनास आली की तिचे दोन नग घ्यावेत, एक वापरावा आणि एक ठेवून द्यावा, कारण पुढच्या वर्षी ती बाजारात असेलच याची शाश्वती नाही, हे आता शहाणपणाचे वचन होऊन बसले आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत हे वचन कौतुकाने सांगितले जाते.

पक्षाच्या साप्ताहिकाने याची दखल का घ्यावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कोणाच्या कपाटात किती चपला आहेत हे मोजणे हा समाजवाद नव्हे, हे मान्यच आहे. परंतु या कपाटामागे एक भीती आहे, आणि ती भीती कोणी निर्माण केली आणि तिच्यावर कोणता उपाय करावा हा निखळ राजकीय प्रश्न आहे.

आधी हे कबूल केले पाहिजे की ती भीती खरी आहे. 1961 साली हिंदुस्थान मशीन टूल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये मनगटी घड्याळे बनवायला प्रारंभ केला. तिच्या एका किल्लीच्या घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. शिक्षक, कारकून, फिटर, तिकीट तपासनीस या सर्वांच्या मनगटावर ते होते, आणि ते बिघडले तर गल्लीतला घड्याळजी ते उघडून पुन्हा चालते करीत असे. 2014 साली ही घड्याळ कंपनी बंद होणार ही वार्ता पसरली आणि उरलेली घड्याळे मिळवण्यासाठी झुंबड उडाली. ज्यांना ऐपत होती त्यांनी दोन-दोन, चार-चार घेऊन ठेवली. 2016 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करण्यावर शिक्कामोर्तब केले. ‘जनता’ हे नाव धारण करणारी वस्तू अशा रीतीने जनतेच्या मनगटावरून उतरून संग्राहकांच्या पेटीत गेली. त्या पेटीवर प्रेम करणाऱ्यांपैकी किती जणांनी कारखाना वाचवण्यासाठी सरकारला एक पत्र लिहिले असेल?

ठाणे जिल्ह्याला तर हा धडा घरच्या अंगणातच मिळाला आहे. नव्वदच्या दशकात कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या प्रीमियरच्या कारखान्यातून प्यूजो कंपनीच्या भागीदारीत ‘309’ ही मोटार बाहेर पडू लागली. काही वर्षांतच भागीदारी मोडली आणि गाडी बंद झाली. ज्यांनी हौसेने ती घेतली होती त्यांच्यावर सुट्या भागांसाठी वणवण करण्याची पाळी आली, आणि ज्यांनी ती बनवली होती त्यांच्यावर रोजगारासाठी. एकच दरवाजा बंद झाला आणि त्याने दोघांना रस्त्यावर आणले. पण गाडीमालकाला कामगार आपला सोबती वाटला नाही आणि कामगारालाही गाडीमालक. दोघांनी आपापली वेगळी वाट धरली, आणि मधल्या मध्ये भांडवल सुखरूप निसटले.

वस्तू टिकू नये ही योजना आहे, अपघात नव्हे, हे तर शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. 1924 साली जगातील बड्या दिवे उत्पादकांनी जिनिव्हात एकत्र येऊन ‘फीबस’ नावाचा संघ बनवला आणि विजेचा दिवा 1000 तासांपेक्षा अधिक जळू नये असे ठरवले. त्याआधीचे दिवे याहून अधिक काळ टिकत. ज्या कारखान्याचा दिवा ठरल्यापेक्षा जास्त जगे, त्याला दंड होई! या संघात फिलिप्सही होती, आणि हे नाव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कामगाराला परके नाही. कळव्याला या कंपनीचा कारखाना होता. तो संघ दुसऱ्या महायुद्धात विस्कटला, पण त्याची बुद्धी मेली नाही. आज ती चिकटवून बंद केलेल्या यंत्राच्या कवचात आहे, न निघणाऱ्या बॅटरीत आहे, आणि ‘हे मॉडेल आता येत नाही, नवे घ्या’ या दुकानदाराच्या हसऱ्या वाक्यात आहे.

या बुद्धीला मध्यमवर्गाने दिलेले उत्तर म्हणजे दुसरा नग. ज्याने टिकणारी वस्तू हिरावून घेतली, त्यालाच दुप्पट पैसे मोजून सूड उगवायचा! कारखानदाराला याहून सोयीचे बंड कोणते असेल?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आपल्या आज्या-पणज्या बेगमी करीतच होत्या की. उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत, मिरची कुटली जाई, पावसाळ्याआधी सरपण रचले जाई, कणगीत भात भरला जाई. मग आजच्या गृहिणीने मिक्सरची बेगमी केली तर बिघडले कुठे? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण बेगमी कशाची होती हे पाहिले म्हणजे तो गळून पडतो. ती ऋतूची बेगमी होती. पाऊस चार महिने शेताची आणि बाजाराची वाट अडवी, म्हणून चार महिन्यांचे धान्य लागे. ते खाऊन संपे आणि पुढच्या वर्षी नव्याने करावे लागे. तिच्यात शेजारणींचा हात लागे आणि अडल्यानडल्याला त्यातून पायली-अधोली उसनीही दिली जाई. पावसाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. म्हणून बेगमी करणे शहाणपणाचे होते. बाजार मात्र पाऊस नाही. तो माणसांनी केलेल्या नियमांवर चालतो आणि माणसांना तो बदलता येतो. माणसाच्या कारस्थानाला निसर्गाचा कोप समजून कपाट भरणे याला बेगमी म्हणू नये. ती शरणागती आहे.

जादा नग सर्वत्रच त्याज्य आहे असेही नाही. रिक्षाला स्टेपनी लागते, नळजोडणी करणाऱ्याला दुसरा पाना लागतो, अधू दृष्टीच्या माणसाला चष्म्याची दुसरी जोडी लागते. तेथे दुसरा नग नसेल तर दिवसाचा रोजगार बुडतो किंवा माणूस पांगळा होतो. असा नग म्हणजे श्रमाचे साधन आहे. प्रश्न आहे तो ज्या नगाने काहीच अडत नाही, जो केवळ मनाची समजूत घालण्यासाठी अंधारात पडून असतो, त्याचा.

आणि तो केवळ पडून राहत नाही. खोक्यातल्या चपलेचा तळ वर्षानुवर्षांत भुगा होतो, रबर चिकट होते, बॅटरी न वापरताच मरते. मग ही न वापरलेली वस्तू कचऱ्यात जाते. कल्याणच्या आधारवाडीचे डम्पिंग ग्राउंड 2021 साली बंद होईपर्यंत त्याच्या आगी आणि धूर कोणाच्या नाकातोंडात गेले? ज्यांच्या कपाटात दुसरा नग होता त्यांच्या नव्हे. ते त्या भिंतीलगत राहणाऱ्यांच्या आणि ढिगाऱ्यात हात घालून पोट भरणाऱ्यांच्या वाट्याला आले.

1963 साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सत्तावीस कोटी भारतीयांच्या रोजच्या तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सरकारला तो बोचला, कारण त्या आकड्याने देशाच्या सरासरीखाली दडलेला माणूस उघडा केला. आजच्या ‘दोन घ्या’ या उपदेशाखालीही एक माणूस दडलेला आहे. ज्याला पहिला नगच हप्त्याने घ्यावा लागतो, त्याला हा उपदेश कोण कसा करणार? त्याची वस्तू मोडली की त्याच्यापुढे एकच वाट असते, ती दुरुस्त करून घेणे. या वाटेवर त्याला भेटतो तो उल्हासनगरचा कारागीर. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याण छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी तेथे उद्योग उभे केले, आणि त्यांच्या मालाला आसपासच्या पांढरपेशांनी ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणवले. पण कंपनीने नाकारलेले भांडे, झाकण, वायसर, पट्टा अशाच गल्ल्यांतून स्वस्तात मिळतो आणि गरिबाचा मिक्सर आणखी तीन वर्षे फिरतो. मग खरे डुप्लिकेट कोणते? एक मोडकी वस्तू जगवणारा तो सुटा भाग, की धडधाकट वस्तूच्या शेजारी निजवलेली तिची जुळी बहीण? समाजाच्या उपयोगाच्या तराजूत तोलले तर निर्णय अवघड नाही.

तथापि दुसऱ्या नगाचा सर्वांत मोठा अपराध पैशाच्या अपव्ययाचा नाही. तो नग मध्यमवर्गाला रांगेतून बाहेर काढतो, हा आहे. 1972 च्या दुष्काळात तेल, साखर, धान्य दिसेनासे झाले तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी संयुक्त महिला समिती उभारली. हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यात चाळीतली कामगार स्त्री होती आणि सदनिकेतली सुशिक्षित गृहिणीही होती. त्या एकत्र आल्या, कारण तेलाचा डबा दोघींच्याही घरी रिकामा होता. गृहिणीच्या माळ्यावर सहा महिन्यांचे तेल असते तर ती लाटणे घेऊन खाली उतरली असती काय?

याचे उलट उदाहरण डोंबिवली-कल्याणने 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत पाहिले. मुंबईत दिवे झळकत होते आणि मुलुंडचा नाका ओलांडला की अंधार होता. लोक संतापले. मग हळूहळू ज्याला शक्य झाले त्याने इन्व्हर्टर बसवला. अंधार तसाच राहिला. फक्त काही घरांपुरता तो दिसेनासा झाला, आणि त्या घरांचा आवाज आंदोलनातून वजा झाला. पाण्याचे तेच झाले, टँकर आला. शाळेचे आणि दवाखान्याचेही तेच झाले. सार्वजनिक व्यवस्थेची प्रत्येक उणीव खासगी खरेदीने बुजवायची ही सवय एकदा अंगी मुरली, की चपलेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तीच चालते. सरकारे ही सवय ओळखून असतात.

या सवयीचा बळी ठरलेला आणखी एक वर्ग ठाणे, डोंबिवली, कल्याण या स्थानकांच्या पायऱ्यांपाशी बसत आला आहे. छत्रीची काडी बसवणारा, पिशवीची चेन बदलणारा, चपलेला टाका घालणारा, घड्याळाचा पट्टा कापून देणारा. 2017 च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई ठरवली. प्रवाशाला चालायला वाट हवी, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पावलाचा. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणाऱ्यांचाही समावेश आहे. त्यांची नोंद करून, नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने त्यांना जागा देणे हे पालिकांचे कर्तव्य आहे. हटवण्याची गाडी मात्र तत्परतेने येते आणि जागा देण्याची फाइल रखडते. पंधरा मिनिटांत छत्री नीट करून देणारा माणूस उठवला गेला, की नोकरदाराने दुसरी छत्री विकत घेऊन ठेवणे ओघानेच येते. त्याच्या कपाटातली ती दुसरी छत्री म्हणजे या रिकाम्या झालेल्या पायरीची सावली आहे.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? घरोघर जाऊन त्यागाचे प्रवचन देण्याने काही साधणार नाही. ज्याची भीती खरी आहे त्याला उपदेश करणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्या भीतीला मागणीचे रूप दिले पाहिजे. केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कंपन्यांना केलेली विनंती. तिला कायद्याचे दात नाहीत. फ्रान्सने 2015 साली जाणूनबुजून वस्तूचे आयुष्य घटवणे हा गुन्हा ठरवला, आणि 2021 पासून तेथे काही यंत्रांवर ती किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघानेही 2024 साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. भांडवलशाही देशांत जे घडू शकते, ते समाजवादी शब्द संविधानाच्या उद्देशिकेत असलेल्या देशात का घडू नये?

मागण्या सरळ आहेत. विकलेल्या यंत्राचे सुटे भाग ठराविक वर्षे, ठराविक किमतीत पुरवण्याची उत्पादकावर सक्ती हवी. दुरुस्तीची माहिती कंपनीच्या तिजोरीत न राहता प्रत्येक कारागिराला मिळाली पाहिजे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी प्रत्येक स्थानकाजवळ, वाट न अडवता, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी छप्पर असलेले गाळे द्यावेत. आणि हे सरकारवर सोपवून स्वस्थ न बसता, पक्षाच्या शाखांनी प्रभागाप्रभागांत दुरुस्तीच्या सहकारी संस्था उभ्या कराव्यात. वागळे इस्टेटपासून मोहोन्यापर्यंत बंद पडलेल्या कारखान्यांतले कितीतरी कुशल हात आज पहारेकऱ्याच्या गणवेशात आहेत. त्यांना पुन्हा हत्यार मिळेल.

या कामाचा आरंभ स्वतःच्या कपाटापासून करायलाही हरकत नाही. खोक्यात पडलेला दुसरा नग बाहेर काढून ज्याच्याकडे पहिलाही नाही त्याच्या हाती द्यावा, आणि आपला पहिला मोडला की तो घेऊन दुरुस्ती करणाऱ्याच्या दारी रांगेत उभे राहावे. त्या रांगेत शेजारी कोण उभे आहे हे तेव्हा दिसेल. बाजारापुढे मान तुकवून कपाटे भरणाऱ्यांची संख्या आज मोठी असली, तरी त्या रांगेतूनच उद्याचा मोर्चा निघणार आहे.