सात महिन्यांचे वर्ष

अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्या माणसाला इंग्रजी लिहिता येते की नाही हे पाहण्यासाठी तिथल्या शासनाने शब्दांची एक लहानशी यादी प्रसिद्ध केली आहे. परीक्षेत जे वाक्य सांगून लिहून घेतात ते या यादीतल्या शब्दांचे असते. यादीत महिने आहेत, पण सातच : फेब्रुवारी, मे, जून, जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. जे सण यादीत घेतले, त्यांचे महिने तेवढे आले. बाकीचे पाच गळाले. आम्ही दोघे-तिघे काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात शनिवारी या परीक्षेचा वर्ग घेत असू. तिथे एका काकूंनी यादीवरून बोट फिरवत विचारले, "ऑगस्ट का नाही हो यात?" पंधरा ऑगस्ट त्यांच्या मनात होता, हे सांगायला नको.

महिन्यांचे एक वेळ सोडून देऊ. याच यादीतली दुसरी उणीव आम्हाला अधिक बोलकी वाटते. वाचनासाठी जी वेगळी यादी आहे तिच्यात कोण, काय, कधी, कुठे, कसे, का हे प्रश्नशब्द आहेत. लेखनाच्या यादीत यातला एकही नाही. म्हणजे होऊ घातलेल्या नागरिकाने प्रश्न वाचावा आणि उत्तर लिहावे. स्वतः प्रश्न लिहिण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही, असे गृहीत धरलेले आहे. साहित्याच्या अभ्यासकांना, कोणत्या वाक्यात कर्ता कोण आणि बोलण्याचा अधिकार कोणाला, हे शोधण्याची सवय असते. त्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून एकदा पाहावेत.

यादी करणाऱ्यांवर आमचा राग नाही, हे आधीच स्पष्ट करतो. २००८ साली ही परीक्षा नव्याने बांधली गेली. त्यापूर्वी एका कचेरीत सोपे विचारत, दुसरीत अवघड, अशी तक्रार होती, आणि निश्चित यादीमुळे परीक्षार्थीला आधार मिळाला. आमचे भांडण आहे ते यादीलाच अभ्यासक्रम मानणाऱ्या शिक्षकांशी. "माणसे म्हातारी आहेत, भाषा येत नाही, कागद हातात पडला म्हणजे झाले, परीक्षेपुरते शिकवा" हा त्यांचा युक्तिवाद. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. गाइडे आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच यांवर आपल्या तीन-चार पिढ्या पोसल्या गेल्या. त्या संस्कृतीची निर्यात झाली, इतकेच. फरक एवढाच की इथे घोकंपट्टीला करुणेचा मुलामा दिलेला असतो.

ही करुणा कोणाच्या वाट्याला येते ते पाहू. कायद्यात वृद्धांना इंग्रजीतून सूट आहे : वय पन्नास आणि ग्रीनकार्डावर वीस वर्षे वास्तव्य, किंवा वय पंचावन्न आणि वास्तव्य पंधरा वर्षे. अशांना नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत सोडवता येतात. वाचताना हे उदार वाटते. पण मुलाने अर्ज केल्यावर बासष्टाव्या वर्षी ग्रीनकार्डावर आलेल्या काकूंचा हिशेब मांडा. पाच वर्षांनी, सदुसष्टाव्या वर्षी, त्या नागरिकत्वाला पात्र होतात. इंग्रजीची सूट मिळायला मात्र त्यांना सत्त्याहत्तरावे वर्ष गाठावे लागते. तरुणपणी आलेल्याला, म्हणजे भाषा शिकायला अवधी मिळालेल्याला, सूट लवकर. उतारवयात आलेल्याला उशिरा. मुलांकडे राहायला गेलेले आपले बहुतेक आईवडील या दुसऱ्या रांगेत आहेत. १९९६ च्या कायद्याने वृद्धांसाठीची काही सरकारी मदत नागरिकत्वाशी बांधली गेली. म्हणून या वयात परीक्षा देणाऱ्याला हौशी म्हणून हिणवणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

आता 'परीक्षेपुरते' शिकवणाऱ्यांना त्यांच्याच मापाने मोजू. नागरिकशास्त्राच्या २००८ च्या यादीत शंभर प्रश्न होते. त्यांतले फार तर दहा विचारत आणि सहा बरोबर आले की उत्तीर्ण. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी लागू आहे. विचारतात वीसपर्यंत आणि बरोबर यावी लागतात बारा. पाठांतराने हे पार पडते, मान्य. वाचन-लेखनही पडते, कारण तीन वाक्यांपैकी एक नीट वाचले, एक नीट लिहिले की पुरते. पण बोलता येते की नाही हे ठरते ते अर्जावरच्या मुलाखतीत, आणि तिथे कोणतीही यादी कामी येत नाही. अर्जात "हॅव यू एव्हर" या शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांची रांग लागलेली असते. कधी अटक झाली होती का, कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतात का, कधी कोणाचा छळ केलात का.

वर्गात आम्ही मुलाखतीची रंगीत तालीम घेत होतो. त्याच काकूंनी या सगळ्यांना "येस सर" म्हणून टाकले. अटक, पक्ष, छळ, सगळे कबूल. वर्ग हसला, आम्हीही हसलो. काकू मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "साहेब एवढं विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं?" आमचे हसणे तिथेच विरले. आम्ही त्यांना चाळीस प्रश्नांची उत्तरे शिकवली होती, "मला समजले नाही, पुन्हा सांगता का?" हे वाक्य शिकवले नव्हते. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा सांगावा, निराळ्या शब्दांत मांडावा, अशी तरतूद परीक्षेच्या नियमांतच आहे. तिचा लाभ मात्र ज्याला विचारता येते त्यालाच. ज्या प्रश्नाला चुकून 'हो' म्हटल्याने अर्ज अडकू शकतो, तिथे यादीबाहेरचे हे एक वाक्य अख्ख्या यादीपेक्षा मोलाचे ठरते. तेव्हा घोकंपट्टी व्यवहारी आहे, हा दावासुद्धा टिकत नाही.

उत्तरांचीही गोष्ट तशीच. यादवी युद्धाला कारणीभूत झालेली एक समस्या सांगा, असा प्रश्न २००८ च्या यादीत होता. मान्य उत्तरे तीन : गुलामगिरी, आर्थिक कारणे, राज्यांचे अधिकार. कोणतेही एक चालेल. उच्चाराला सोपे ते पाठ करा, असे शिकवणारे आम्ही पाहिले आहेत. गुलामगिरीचा उच्चारही न करता त्या युद्धाचा इतिहास ज्याने पुरा केला त्याला आपण काय शिकवले? २०२० च्या यादीत तर सिनेटर कोणाचे प्रतिनिधित्व करतो याचे उत्तरच बदलले. पूर्वी होते 'राज्यातील सर्व लोक', त्या जागी आले 'राज्यातील नागरिक'. ती यादी २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. पण त्या दोन शब्दांच्या फटीत एक अख्खा राजकीय वाद दडलेला होता, आणि काकू परीक्षा देईपर्यंत स्वतः त्या फटीत उभ्या होत्या. हे त्यांच्याशी बोलायचे नाही, तर भाषा म्हणून बोलायचे तरी काय?

भाषेची अट ही निरुपद्रवी, तांत्रिक बाब आहे, असे समजणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येण्याची अट १९०६ ची. लिहिण्या-वाचण्याची १९५० ची. मधे १९१७ च्या कायद्याने देशात प्रवेश करणाऱ्यांसाठी साक्षरतेची कसोटी आणली : तीस-चाळीस शब्द वाचून दाखवायचे, आणि तेही कोणत्याही भाषेत. कागदोपत्री मराठीसुद्धा चालली असती. मात्र त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशासाठी बंद केला, त्यात हिंदुस्थान होता. पुढे १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वास अपात्र ठरवले, आणि आधी नागरिक झालेल्यांवर ते रद्द करण्याचे खटले सुरू झाले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही खटला झाला. तिथल्या न्यायालयांत वकिली करणाऱ्या या माणसाच्या इंग्रजीत कोण खोट काढणार? ते जिंकले, पण ती लढाई त्यांना करावी लागलीच. हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ साली.

आणि आम्ही ज्यांना नागरिकत्वाची बाराखडी शिकवायला बसतो ते कोण असतात? काकूंनी आयुष्यातले पहिले मत १९७७ च्या निवडणुकीत दिले होते. आणीबाणीत वर्तमानपत्रांचे काय झाले हे त्यांनी पाहिले होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्यांना मराठीत विचारल्यावर त्या जे बोलल्या ते आमच्या हातातल्या पुस्तिकेत नव्हते. चार दशके मतदान केलेल्या बाईला आम्ही झेंड्याचे रंग पाठ करून घेत होतो, लाल, पांढरा, निळा. शपथ घेतल्यावर त्यांचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे संपणार होते. पासपोर्ट परत करायचा होता. याविषयी वर्गात एक शब्द नव्हता, आणि शपथेतले इंग्रजी तर शेक्सपिअरच्या वर्गात शोभावे असे जुने.

म्हणून त्या तालमीनंतर आम्ही क्रम उलटा केला. पहिला तास मराठीतून, राज्यघटनेवर, त्यांच्या आणि आपल्याही. मग इंग्रजीत फक्त प्रश्न करायचे. उत्तरांची यादी शेवटच्या आठवड्यांत. यावर आमच्यातल्याच एका सहकाऱ्यांनी वेळ वाया जातो म्हणून वर्ग सोडला, आणि दोन कुटुंबांनी आपल्या वडीलधाऱ्यांना दुसरीकडे नेले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. मुलाखतीची तारीख हातात असली की धीर धरवत नाही. काकूंनी त्या महिन्यात फळ्यावर लिहिलेले पहिले वाक्य होते "व्हाय यू आस्क धिस?" त्यातली 'डू'ची चूक आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली.