सालदारकी की शागिर्दी?

दिवाळीच्या आधी चार दिवस धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. घरात फराळाची गडबड होती; पण चकलीच्या सोऱ्यापेक्षा अधिक जोर एका कागदावर चालला होता. भाची यंदा बी.एस्सी. झाली. तिला एका कंपनीचे पत्र आले होते. नोकरीला या, दरमहा विद्यावेतन घ्या, काम करता करता एम.टेक. व्हा, फी आम्ही भरू. अट एकच : पाच वर्षे सोडून जायचे नाही. गेलात तर ठरलेली रक्कम भरा.

बहीण म्हणाली, "लक्ष्मी दारात आली आहे. सही करून मोकळी हो." तिच्या सासऱ्यांचा सारा जन्म कापसाच्या शेतात गेलेला. ते चष्मा पुसत म्हणाले, "आखाजीला सालदार ठरवायचो, तेव्हा त्यालाही आधी उचल द्यायचो. उचल फिटेपर्यंत तो दुसऱ्याच्या बांधावर पाऊल टाकत नसे. ही सालदारकीच झाली." भाचीने पत्र माझ्यापुढे ठेवले. "मामा, तुम्ही सांगा." घरात लिहिणारा माणूस असला, की त्याला सगळे समजते असा लोकांचा समज असतो.

विचार करू लागलो, तर या प्रथेचे मोठे उदाहरण खानदेशातच सापडले. धुळ्याहून जळगावकडे जाताना वाटेत फार न वळता अमळनेर लागते. तिथे 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. ती वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण करी. तीच पुढे संगणकाच्या धंद्यात शिरली आणि विप्रो झाली. 1995 साली तिने पिलानीच्या बिट्स संस्थेशी हातमिळवणी करून एक योजना काढली : इंजिनिअर नसलेले विज्ञान पदवीधर निवडायचे, त्यांना कामावर घ्यायचे आणि नोकरी करता करताच त्यांना वरची पदवी मिळवून द्यायची. त्या योजनेचे आजचे रूप बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्यांसाठी आहे, तिच्या अलीकडच्या जाहिरातींत साठ महिन्यांचा सेवा-करार असतो. गंमत अशी, की कंपनीचे अझीम प्रेमजी यांनाच वडील वारल्यामुळे 1966 साली अमेरिकेतले इंजिनिअरिंग अर्धे टाकून यावे लागले होते. त्यांची पदवी पुढे कित्येक वर्षांनी पुरी झाली.

यात धर्मादाय काही नाही, हे आधी समजून घ्यावे. इंजिनिअर महाग पडतो आणि शिकून तयार झाला, की शेजारच्या कंपनीत चार पैसे जास्त मिळताच उठतो. बी.एस्सी. झालेला मुलगा कमी पगारात येतो आणि पदवी हातात पडेपर्यंत टिकतो. फीचा खर्च कंपनी असा वसूल करते. पण म्हणून मुलांचे नुकसानच होते असेही नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांसाठी 1990 साली विद्यापीठ झाले, बी.एस्सी. घराजवळ करता येऊ लागली. परंतु पुढे पुण्या-मुंबईला एम.टेक. करायचे, तर फी, खोलीभाडे आणि खानावळ यांतच बापाची कंबर मोडते. आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली, की ती आधी मुलीच्या शिक्षणाला लागते.

मग सही करावी का? करावी, पण काही गोष्टी विचारून. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि तिला मान्यता आहे का? फी कंपनी थेट भरते, की पगारातून कापते? मध्येच सोडल्यास भरायची रक्कम दरवर्षी कमी होत जाते, की शेवटच्या महिन्यापर्यंत तितकीच राहते? आठवडाभर काम आणि सुटीच्या दिवशी वर्ग, तर अभ्यास कधी करायचा? आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार असतील, तर पेन खाली ठेवावे. असले करार कोर्टात टिकत नाहीत, या भ्रमातही कोणी राहू नये. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली.

एवढे सांगितल्यावरही आजोबांचे समाधान होईना. तेव्हा मी त्यांना आणखी एक करार सांगितला. मालेगावजवळच्या कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. 1913 साली त्यांच्या संस्थानाने एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. अट होती, परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. शिकून 1917 साली ते शब्दाप्रमाणे बडोद्यात हजर झाले. पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. त्यांना बडोदे सोडावे लागले. माणूस यायला तयार होता, करारही पक्का होता. शहराला मात्र त्याला एक खोली देववली नाही.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा एक सालदार उचल फिटल्यावरही बावीस वर्षे राहिला. त्याचे ताट आमच्याबरोबर वाढले जायचे, म्हणून." मी म्हणालो, "तुम्हीच उत्तर दिलेत." फी भरून माणसाची वर्षे विकत मिळतात, माणूस मिळत नाही. तो राहतो ते शिकवणे खरे असेल आणि वागवणे बरे असेल तर. अमळनेरात ज्यांनी त्या जुन्या कंपनीचे शेअर वर्षानुवर्षे जपले, त्यांना तरी कोणी करारात कुठे बांधले होते?

भाचीने सगळे प्रश्न वहीत उतरवून कंपनीला विचारले. उत्तरे बरी आली, रक्कमही दरवर्षी कमी होणारी निघाली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने सही केली. बहीण हळूच म्हणाली, "पण पाच वर्षे म्हणजे लग्नाचे काय गं?"

"तेच कलम मला सगळ्यात आवडले," असे म्हणून भाची पणत्या लावायला गेली.