शाल कोणत्या लेखणीला?

जगातील बालकांच्या हक्कांविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांस पारितोषिके देण्याची चाल पडली आहे. चाल चांगली आहे. परंतु आम्हांस तिच्याविषयी एक शंका आहे. मुलाचे दुःख दूरदेशीचे असले, तर ते मांडणाऱ्या लेखणीस आपण शाल पांघरतो. तेच आपल्या वेशीवरचे असले, तर तीच लेखणी गावाची बदनामी करणारी ठरते!

बालवधूंच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा १८९१ साली झाला. 'सुधारक' पत्रातून त्याचा कैवार घेणाऱ्या आगरकरांची पुण्यात हयातीतच प्रेतयात्रा निघाली होती. आज त्यांचा गौरव सोपा आहे. त्या लेखणीचा चटका आता आपणांस बसत नाही.

लोहाऱ्याच्या वाचकास फार दूर जावयास नको. त्याच्याच यवतमाळ जिल्ह्यात, कापसी-कोपरी येथे, ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ बालकांच्या मुखी पोलिओच्या लसीऐवजी हातास चोळावयाचे जंतुनाशक पडले. मुले सुदैवाने बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि बातमी शिळी झाली. भारताने बालहक्कसंहिता १९९२ साली मान्य केली खरी. पण ती पाळली जाते की नाही, हे कळते ते अशाच बातम्यांनी. तेव्हा अशा बातमीदाराचा खरा सत्कार हारतुऱ्यांनी व्हावयाचा नाही. पुढील लसीकरणाच्या दिवशी केंद्रावर जाऊन बाटलीवरील नाव वाचणे, हाच तो सत्कार. बातमी वाचूनही जो जागचा हलत नाही, त्याने शालीचा खर्च तरी वाचवावा!